पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी विद्युत परिपथ संच: दोन महिन्यांच्या वापरानंतर

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीसाठी मी मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरच्या, एका लहान दुकानातून साडेसहाशे रुपयांना विद्युत परिपथांचा एक संच घेतला. खोक्यात ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड (डाग न देता सुटे भाग खोचून जोडण्याची पाटी), व्होल्टेज, धारा आणि रोध मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, दहा वेगवेगळ्या मूल्यांचे पाव वॅटचे रेझिस्टर, थोडे कपॅसिटर आणि एलईडी, ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप, जोडतारा आणि चाळीस पानांची पुस्तिका आहे. हा विषय मी अनेक वर्षे शिकवला आहे, त्यामुळे संच तिच्याइतकाच मीही हाताळला.

वहीतली उदाहरणे भाची सोडवत होती, पण किरचॉफच्या व्होल्टेज नियमात (बंद वेढ्यातल्या सर्व व्होल्टेजची चिन्हांसह बेरीज शून्य येते) अधिक-उण्याच्या चिन्हांपाशी दर वेळी अडखळत होती. आम्ही १, २.२ आणि ४.७ किलोओहमचे रेझिस्टर एकसरीत जोडले आणि मीटरचा लाल प्रोब (तारेचे टोक) पुढे, काळा मागे असे ठेवून वेढ्याभोवती एकाच दिशेने फिरलो. बॅटरीवर ९.२६, नंतर उणे १.१६, उणे २.६० आणि उणे ५.४९ असे आकडे आले, आणि बेरीज ०.०१ व्होल्ट उरली. उण्याचे चिन्ह मीटरने स्वतः दाखवल्यावर तिने ते पुन्हा कधी विचारले नाही. किरचॉफ यांनी १८४५ मध्ये हे नियम मांडले तेव्हा ते २१ वर्षांचे विद्यार्थी होते, हे तिला त्याच संध्याकाळी सांगितले, आणि तिला ते मनापासून आवडले.

या संचाची खरी किंमत मात्र मला एका ‘चुकलेल्या’ मापनात कळली. १ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकसरीत जोडून ९ व्होल्ट दिले की मधल्या बिंदूवर अपेक्षेप्रमाणे साडेचार व्होल्ट मिळतात. तेच दोन रेझिस्टर १ मेगाओहमचे घेतले तर गणित तेच राहते, पण मीटर ३ व्होल्ट दाखवतो. भाचीने जोडणी तीनदा तपासली. जोडणीत दोष नव्हता. या प्रकारच्या स्वस्त मीटरचा अंतर्गत रोध सुमारे १ मेगाओहमच असतो, त्यामुळे मीटर लावताक्षणी खालचा रेझिस्टर आणि मीटर समांतर होऊन अर्धा मेगाओहम उरतो, आणि ९ व्होल्टांचा तिसरा हिस्साच त्याच्या वाट्याला येतो. १० मेगाओहमच्या चांगल्या मीटरने हेच मापन सुमारे ४.२९ व्होल्ट येते. मापन करणारे उपकरण हाही परिपथाचाच घटक आहे, हे फळ्यावर कितीही सांगितले तरी जे पोहोचत नाही, ते इथे दहा मिनिटांत पोहोचले, आणि तेही मीटर स्वस्त असल्यामुळेच.

थेव्हेनिनच्या प्रमेयाचेही तसेच झाले: बॅटऱ्या आणि रेझिस्टरांच्या कोणत्याही परिपथाऐवजी एक आदर्श बॅटरी आणि तिच्याशी एकसरीत एक रोध धरता येतो, असे ते सांगते. साध्या झिंक-कार्बन बॅटरीचे मोकळे, म्हणजे काहीही न जोडता मोजलेले, व्होल्टेज ९.३ होते, आणि ४७० ओहमचा भार जोडल्यावर ते ८.७ वर आले. म्हणजे सुमारे १८.५ मिलिअँपिअर धारेला ०.६ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च झाले आणि तिचा अंतर्गत रोध सुमारे ३२ ओहम निघाला. परीक्षेत चौकटीत काढायचा समतुल्य परिपथ हातातल्या बॅटरीत सापडतो, याचा आनंद वेगळाच असतो. दुर्दैवाने पुस्तिकेत हा प्रयोगच नाही.

पुस्तिकेविषयी माझी तक्रार गंभीर आहे. पहिल्याच प्रयोगात ती ९ व्होल्टला १०० ओहमचा रेझिस्टर थेट जोडायला सांगते. आदर्श बॅटरी धरली तर त्यात ०.८१ वॅट शक्ती खर्ची पडते, आणि रेझिस्टर आहे पाव वॅटचा. आमच्या झिजत्या बॅटरीवरही तो बोटाला चटका बसेल इतका तापला. शक्तीचे सूत्र शिकवणाऱ्या पुस्तिकेने ते स्वतःच्या प्रयोगाला लावून पाहायला हवे होते. असा मीटर घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नये, ही सूचनाही तिच्यात कुठेच नाही. ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी.

कपॅसिटर ठीक आहेत. १००० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम यांचा कालस्थिरांक, म्हणजे कपॅसिटर सुमारे ६३ टक्के भरायला लागणारा वेळ, १० सेकंद, म्हणून मनगटी घड्याळ पुरते. आम्हाला साडेअकरा सेकंद मिळाले, पण अशा कपॅसिटरच्या मूल्यात २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, त्यामुळे तो दोष मानत नाही.

हा संच घेणाऱ्यांनी दोन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. ब्रेडबोर्डच्या कडेच्या, बॅटरी जोडायच्या पुरवठापट्ट्या काही बोर्डांवर मध्यभागी तुटलेल्या असतात, आणि आमच्या बोर्डावर तशाच होत्या. त्या तारेने जोडल्या नाहीत तर अर्धा बोर्ड मृत राहतो आणि विद्यार्थी तासभर गणितात चूक शोधत बसतो. शिवाय या मीटरवर व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअर यांसाठी एकच छिद्र आहे, त्यामुळे बटण धारेच्या पल्ल्यावर असताना प्रोब बॅटरीच्या टोकांना लागले की २०० मिलिअँपिअरचा फ्यूज जातो. आमचा दुसऱ्याच आठवड्यात गेला. जादा फ्यूज दोन तरी बरोबर घ्यावेत.