मार्कँशियापासून मोहरीच्या कळीपर्यंत : पंचवीस स्लाइडचा एक संच

नागपुरात मॉस आणि लिव्हरवर्ट या बिनफुलांच्या छोट्या वनस्पतींचे ताजे नमुने पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर सहसा हाती लागत नाहीत, आणि दरवर्षी मुलांना पचमढीला नेणे आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाला परवडत नाही. म्हणून यंदा जूनमध्ये सीताबर्डीतील एका दुकानातून वनस्पतींच्या प्रजननाच्या पंचवीस स्थायी स्लाइडचा संच घेतला.

संचातील सर्वांत देखणी स्लाइड मार्कँशिया या लिव्हरवर्टच्या अंदुककलशाची, म्हणजे अंडपेशी असलेल्या मादी अवयवाची आहे. छेद पातळ आहे, सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीन हे रंग एकमेकांत उतरलेले नाहीत, आणि उलट्या टांगलेल्या सुरईसारख्या त्या कलशाच्या पोटातली अंडपेशी विद्यार्थ्याला स्वतःहून ओळखता येते. कोणत्या पेशींनी प्रजननाच्या वाटेला लागायचे हे ठरवणारे बोनोबो हे जनुक २०१८ मध्ये याच वनस्पतीत वर्णिले गेले; अरॅबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या फुलझाडात त्याचीच भावंडे परागकणात जनन पेशी घडवतात.

सोबतची माहितीपुस्तिका मात्र निराश करते. तिच्यात ‘खालच्या’ आणि ‘वरच्या’ वनस्पतींची जुनी शिडी आहे, जणू फुलासाठी लागणारी सारी जनुके फुलाबरोबरच जन्माला आली. वस्तुतः वनस्पती जमिनीवर आल्या त्याला सुमारे ४७ कोटी वर्षे झाली, आणि आज फुलात दिसणारी बरीच जनुकघराणी फुलापेक्षा पुष्कळ जुनी आहेत. लीफी हे जनुक अरॅबिडोप्सिसमध्ये कळी घडवते; फिस्कोमिट्रेला या मॉसमध्ये तेच बंद केले, तर फलित अंड्याचे पहिले विभाजनच सहसा अडते. इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या मॅड्स-बॉक्स घराण्यातील काही जनुके त्याच मॉसमध्ये रेतुकांच्या (नर जननपेशींच्या) कशाभिकांची, म्हणजे पोहण्याच्या शेपट्यांची हालचाल सांभाळतात. (मराठीत आपण मॉसलाही शेवाळच म्हणून मोकळे होतो, पण ते दुखणे वेगळे.)

मोहरीच्या कळीचा आडवा छेद यासाठीच मोलाचा वाटला. मोहरी अरॅबिडोप्सिसच्याच कुळातली. चार निदले, चार पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मध्ये दोन स्त्रीकेसरांचा जोड एकाच दृष्टिक्षेत्रात मावतो. फुलाचे भाग जनुकांच्या तीन गटांनी घडतात असे सांगणाऱ्या १९९१ च्या एबीसी प्रारूपानुसार केवळ ‘ए’ गटाने निदल, ‘ए’ आणि ‘बी’ने पाकळी, ‘बी’ आणि ‘सी’ने पुंकेसर, तर केवळ ‘सी’ने स्त्रीकेसर घडतो, हे फळ्यावर अर्धा तास घेते, स्लाइडवर बोट ठेवून दहा मिनिटांत झाले. या गटांतील बहुतेक जनुके मॅड्स-बॉक्स घराण्यातलीच आहेत, हे पुस्तिकेने एका ओळीत तरी सांगायला हवे होते.

उरलेल्या स्लाइड साधारण आहेत. नेच्याच्या पूर्वांगाच्या (बीजाणूतून उगवणाऱ्या छोट्या हिरव्या अवस्थेच्या) स्लाइडमध्ये हवेचा बुडबुडा अडकला होता, आणि मॉसच्या दोन स्लाइडवरील नर-मादीच्या चिठ्ठ्या चक्क अदलाबदल झालेल्या होत्या. दुकानदाराने बुडबुड्याची स्लाइड कुरकुर न करता बदलून दिली. चिठ्ठ्या मीच खरवडून पुन्हा चिकटवल्या. घेणाऱ्यांनी दुकानातला सूक्ष्मदर्शक मागून निदान मॉस आणि नेच्याच्या स्लाइड तिथेच पाहून घ्याव्यात. पुस्तिकेशिवाय संच मिळत असेल, तर तसाच घ्यावा.