गुडघ्यासाठी लेझर अ‍ॅक्युपंक्चर: सात महिन्यानंतरचा माझा अनुभव

बारा सीटिंगचं पॅकेज घेतलं होतं मी, ३६०० रुपये एकदमच भरावे लागले, मागच्या नोव्हेंबरची गोष्ट आहे आणि आता जून लागला. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळी झाली असती, बरं झालं नाही लिहिलं.

वय २३, गाव दारव्हा तालुक्यात, पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. मुलींना ८०० मीटर असते आणि २० पैकी २० मार्क पाहिजे असतील तर २ मिनिट ५० सेकंदात आत यावं लागते, माझं निघत होतं ३:२५. त्यात भरती निघणार निघणार म्हणून ग्रुपवर मेसेज फिरायला लागले, मग काय, पंधरा दिवसात दोन किलोमीटरवरून डायरेक्ट सहावर गेली, तेही डांबरी रोडवर, आणि बूट बाजारातले, टाचेकडून पार घासलेले. शकुंतलेच्या बंद रुळाच्या बाजूनं चांगली मातीची वाट आहे पण तिकडे पहाटे पाच वाजता एकटी पोरगी कशी जाणार.

ऑगस्टमध्ये दुखणं सुरू झालं. वाटीच्या मागून, नेमकं बोट ठेवता येत नव्हतं. चढताना कमी, पायऱ्या उतरताना जास्त, आणि निंदायला उकिडवं बसली की उठताना जमिनीला हात टेकावा लागायचा. एसटीत तासभर पाय दुमडून बसली तरी तेच. आई म्हणायची, "काहून वं, म्हातारीवानी उठून राहिली?"

सप्टेंबरमध्ये सरकारी दवाखान्यात दाखवलं, एक्स-रे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले हे वाटीचं दुखणं आहे, पॅटेलोफेमोरल म्हणतात, धावणाऱ्या पोरींमध्ये खूप दिसते, झीजबीज काही नाही. फिजिओथेरपीच्या मॅडमनं एका कागदावर पाच व्यायाम लिहून दिले आणि धावणं अर्ध्यावर आण म्हणाल्या. मी तो कागद घडी करून जीकेच्या पुस्तकात ठेवला. खरं सांगते, इंजेक्शन नाही, गोळी नाही, म्हणजे याइले काही समजलंच नाही असं वाटलं मले.

मग मैत्रिणीच्या वहिनीनं यवतमाळच्या एका क्लिनिकचं सांगितलं. तिथं सुई न टोचता लेझरनं अ‍ॅक्युपंक्चर करतात, बोर्डवर मोठ्या अक्षरात 'गुडघेदुखीपासून मुक्ती'. सुईची मला भीती, म्हणून हे बरं वाटलं.

होते काय तर टॉर्चच्या पेनासारखा एक प्रोब असतो, तो कातडीला टेकवून ठेवतात, बीप वाजला की पुढचा पॉइंट. वाटीच्या खाली दोन्ही बाजूला जे खळगे असतात ते दोन, वाटीच्या वर मांडीच्या आतल्या अंगाला एक, नडगीच्या आतल्या बाजूला एक, आणि बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली एक. या शेवटच्या पॉइंटचं नाव एसटी ३६. मी म्हटलं सर, आमच्या गावाले तर एकच एसटी येते. ते हसले नाही. ते एसटी म्हणजे पोटाच्या नाडीचं शॉर्टकट नाव आहे म्हणे, चिनी पद्धतीत पोटाची नाडी पायातून जाते.

दुखत बिलकुल नाही. काही लागतच नाही म्हणा ना, कधी कधी थोडं कोमट वाटते. दहा मिनिटात मोकळे. आजीनं विचारलं होतं, "सुई नाही, गोळी नाही, मंग पैसे कायचे?"

मशीनवर स्टिकर होता, ८०८ नॅनोमीटर (हा किरणाचा प्रकार), १०० मिलिवॅट (ही ताकद), क्लास ३बी (हा धोक्याचा वर्ग). सर मात्र 'लेव्हल तीन' एवढंच सांगायचे. लेव्हलवरून काही कळत नाही, डोस मोजतात ज्यूलमध्ये, मिलिवॅटला सेकंदानं गुणायचं आणि हजारानं भागायचं. माझ्या एका पॉइंटला २० सेकंद म्हणजे २ ज्यूल. कोणी जाणार असाल तर मिलिवॅट किती आणि सेकंद किती हे विचारा. आणि गॉगल मागा. ३बी क्लासचा किरण सरळ डोळ्यात गेला तर डोळा खराब होऊ शकते, त्यात ८०८ चा उजेड आपल्याला दिसतही नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. मला पहिल्या दोन दिवशी गॉगल दिला, नंतर मागून घ्यावा लागला, याचा राग आहे मला.

पाच सीटिंगनंतर फरक वाटला. खरंच वाटला, खोटं कशाला सांगू. आठवड्यातून तीन दिवस जात होती, हाफ तिकिटामुळे परवडायचं.

आता मुख्य गोष्ट. माझा चुलत भाऊ मोबाईल रिपेअरिंग करते, तो म्हणाला ताई, टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात पाह्य, न दिसणारा उजेड जांभळा दिसते, लेझरचंही तसंच दिसन. म्हणून मी गंमत म्हणून पायाचा व्हिडिओ काढायची, किरणात कॅमेरा न घालता बाजूनं, कातडीवर मस्त जांभळा ठिपका दिसायचा. सातव्या सीटिंगला पण काढला. त्या दिवशी घरी येऊन आईला म्हटलं, आज लय मोकळं वाटून राहिलं. जेवण झालं, भावाला दाखवायला व्हिडिओ लावला, तर ठिपकाच नाही. पाचही पॉइंटला नाही. बीप वाजून राहिला, बटणाचा हिरवा लाइट सुरू आहे, आणि लेझर बंद! म्हणजे मी बंद पेन लावून घेऊन खुश होऊन आली होती. पुढच्या वेळी व्हिडिओ दाखवला तर सरांनी प्रोब बदलला, वायर लूज होती म्हणाले आणि एक सीटिंग वाढवून दिली.

त्या रात्री मोबाईलवर शोधत बसली. ऑस्ट्रेलियात २८२ लोकांवर अगदी हेच करून पाहिलेलं आहे, २०१४ मध्ये छापून आलं ते, काहींना सुई, काहींना लेझर, काहींना बंद लेझर, काहींना काहीच नाही. बारा आठवड्यांनी ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा सुई आणि लेझरवाल्यांचं दुखणं थोडं कमी होतं, पण बंद लेझरवाल्यांपेक्षा फरक निघाला नाही, आणि वर्षभरानं तेही राहिलं नाही. आता ते सगळे पन्नाशीच्या वरचे होते, माझं दुखणं वेगळं. पण बोर्डवर तर सरसकट 'गुडघेदुखी' लिहिलं आहे ना, त्यात आजीचा झिजलेला गुडघा आणि माझा धावून धावून दुखणारा गुडघा एकाच भावात.

यात एक मजेची गोष्ट सापडली, या लेझरची सुरुवात उंदरांपासून आहे. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टला मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी लेझरनं कॅन्सर होते का पाहायला उंदरांचे केस भादरून लेझर मारला, कॅन्सर झाला नाही पण केस लवकर उगवले. माझ्या गुडघ्यावर तसंही काही झालं नाही.

मग हिशोब लावला. सीटिंगच्या दिवशी सकाळची बस, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस धावणं आपोआप बंद. मॅडमनं सांगितलेलं अर्धं काम तर एसटीनंच करून टाकलं होतं! दुसऱ्या दिवशी जीकेच्या पुस्तकातून कागद काढला. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं, पाय सरळ ठेवून उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पायरीवरून हळूहळू एक पाय खाली टेकवणं, आणि कमरेखालच्या मागच्या भागाचा एक. वजनाला मोज्यात रेती भरून बांधायची, पहिले अर्धा किलो. तीन आठवडे काहीच फरक नाही, उलट मांड्या भरून यायच्या. लेझर पहिल्याच दिवसापासून गोड वाटला होता, हे मात्र कडू. जानेवारीच्या शेवटी एक दिवस पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या उतरली आणि खाली आल्यावर लक्षात आलं की दुखलंच नाही. तोवर सीटिंग बंद करून महिना झाला होता, दहाच घेतल्या मी.

स्टार द्यायचे तर क्लिनिकला दोन. एक सर प्रेमानं बोलायचे त्याचा आणि एक त्रास काही झाला नाही त्याचा. ३६०० मध्ये चांगले बूट आले असते, ते मी मार्चमध्ये तुरीच्या पैशातून घेतले.

उरलेल्या सीटिंगचे पैसे वापस देत नाही म्हणाले, दुसऱ्याच्या नावावर करून दिल्या, तर काकू जाऊन येते. ती म्हणते बरं वाटते. मी तिले पायरीचा व्यायाम शिकवून राहिली, पण ती म्हणते पहिले सीटिंग संपू दे.

सध्या आठवड्यातून चार दिवस धावते, शाळेच्या ग्राउंडवर, मातीत. ८०० मीटर ३:०४ वर आलं आहे.