मिग-२१चं कॉकपिट: डब्यातलं, पितळी, छापील की रेझिनचं?

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, आणि छोटी मॉडेल्स जोडण्याच्या आमच्या छंदात इतकी वर्षं जेटकडे ढुंकूनही न बघणारे, नुसते रणगाडे करणारेसुद्धा ‘मिग-२१चं कुठलं किट घेऊ’ म्हणून विचारायला लागले. किटचं उत्तर लगेच देऊन टाकतो. १/४८ मध्ये (म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) करायचं तर चेक कंपनी एडुआर्डचं. तिथे फार डोकं चालवायची गरज नाही. डोकं चालवायचं ते पुढच्या प्रश्नावर: कॉकपिटसाठी वेगळे भाग घ्यायचे का, आणि घ्यायचे तर कुठले? रंगवून आलेलं पितळी फोटोएच (पातळ पत्र्यावर कोरलेले भाग), थ्रीडी छापील डिकल (पाण्यात भिजवून लावायचं छापील चित्र, इथे उठावदार), अख्खं रेझिनचं (साच्यात ओतलेलं) कॉकपिट, की डब्यात आलंय तेच रंगवायचं? चारही प्रकार करून झालेत, त्यामुळे माझं माप कुणीकडे झुकलंय ते काही लपणार नाही. तरी प्रत्येकाची बाजू मांडतो.

त्याआधी एक गोष्ट. बिस करताय की बायसन, हे पैसे भरण्यापूर्वी ठरवा. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलने मिग-२१ची एफएल, एम आणि बिस अशी तीन रूपं बांधली. त्यातलं बिस, म्हणजे हवाई दलाच्या भाषेत टाइप ७५, पुढे सुधारून बायसन झालं. बायसनची समोरची काच एकसंध आहे, बिससारखी चौकटीत बसवलेली नाही, आणि आतल्या पॅनेलवर काही तबकड्या जाऊन पडदा आलाय. म्हणजे ‘मिग-२१बिस’ असं छापलेला कॉकपिट संच बायसनला चालत नाही. निवृत्तीच्या वेळचे जे फोटो सगळीकडे फिरले ते बायसनचे. ते समोर ठेवून बिसचा संच मागवायचा म्हणजे पैसे पाण्यात. खाली लिहितोय ते सगळं जुन्या बिसबद्दल.

आणि कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण? बिसची कॅनपी उजव्या बाजूला कलंडून उघडते. ती बंदच ठेवणार असाल तर कॉकपिटवर एक रुपयाही घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. समोरची जाड काच, तिची चौकट, गनसाइटचं (नेम धरायच्या यंत्राचं) धूड आणि मागे सीटचा माथा एवढंच दिसतं. पॅनेलच्या खालचा भाग टॉर्च मारूनही नीट दिसत नाही. उघडी ठेवणार असाल तर पुढचं वाचा.

डब्यातल्या प्लॅस्टिकबद्दल आपल्याकडे उगाच एक कमीपणाची भावना आहे. या किटमध्ये तबकड्यांच्या कडा, स्विचांचे उंचवटे, बाजूच्या कप्प्यांवरचे खटके हे सगळं पुरेसं ठसठशीत आहे. मापाचा हिशोब करून बघा: खऱ्या विमानातली ८ सेंटिमीटरची तबकडी १/४८ला पावणेदोन मिलिमीटरच्याही आत येते. एवढ्या जागेत डोळ्याला आकडे दिसत नाहीत. काळं वर्तुळ, पांढरी काटेरी किनार आणि काचेची चमक एवढंच कळतं. तेवढं डिकलने भागतं. पॅनेलचं अख्खं डिकल एकदम चिकटवण्यापेक्षा त्यातली प्रत्येक तबकडी पंचने वेगळी कापायची, आपण रंगवलेल्या पॅनेलवर जागच्या जागी बसवायची, मार्क सॉफ्टरने (डिकल मऊ करणाऱ्या द्रावणाने) निजवायची आणि वाळल्यावर चकचकीत वार्निशचा थेंब टेकवायचा. थेंब टाचणीच्या टोकाने. ब्रशने टेकवला तर शेजारच्या स्विचवर उतरतो. एक संध्याकाळ जाते, पण संध्याकाळ घालवायलाच तर आपण हे करतो.

आता रंगीत पितळ. पहिल्यांदा पाकीट उघडलं की जीव हरखतो. पॅनेलवरचं बारीक रशियन लेखन, लाल-पिवळ्या खुणा, आणि मधोमध तो उभा पांढरा पट्टा. (विमान गरगरत खाली यायला लागलं की वैमानिकाने काठी त्या पट्ट्याच्या रेषेत धरायची, यासाठी तो. हे माहीत असलं की पट्टा तिरका गेलेला सहन होत नाही.) हा पट्टा हाताने सरळ रंगवणं अवघड आहे, पितळी पॅनेलवर तो सुतासारखा सरळ येतो. तबकड्यांचा थर मागे, पॅनेलचा थर पुढे अशी दोन पत्र्यांची बांधणी असते, त्यामुळे थोडी खोलीही मिळते. पण बाकी सगळं सपाट. खटका म्हणजे पत्र्याचं पातं. समोरून बरं दिसतं, बाजूने बघितलं की गायब. गिअरचा एवढासा दांडा चिमट्यातून उडाला की फरशीच्या ठिपक्यांत तो शोधण्यात रात्र जाते, हे काही नव्याने सांगायला नको. शिवाय सगळं सायनोवर (सुपरग्लूवर) चिकटवायचं. पावसाळ्यात दमट हवेत तो पटकन धरतो, भाग सरकवायला वेळच देत नाही, आणि कॉकपिट बंद केल्यावर त्याची वाफ काचेवर पांढुरकी बसते. यातलं काहीही मी सोसलं असतं.

सोसवलं नाही ते रंगाचं.

बिसचं कॉकपिट फिरोजी असतं. वैमानिकाच्या डोळ्यांना शांत वाटावं म्हणून सोव्हिएत कारखान्यांनी हा रंग निवडला असं सांगतात. मॉडेलवाल्याच्या डोळ्यांना तो अजिबात शांत वाटू देत नाही. पॅनेल आणि बाजूचे कप्पे कारखान्यातून फिरोजी होऊन येतात. टब (कॉकपिटचा खोका), तळ, मागची भिंत, कॅनपीच्या आतली कड हे सगळं आपण फिरोजी करायचं. म्हणजे दोन फिरोजी एकमेकांना चिकटून बसणार. कुठल्याही बाटलीतला ‘सोव्हिएत कॉकपिट’ रंग त्या छपाईशी जुळत नाही. एखादा निळा पडतो, एखादा हिरवा, एखादा दोन्हींच्या मध्ये पण फिका. जो त्यातल्या त्यात जवळ जातो असं ऐकतो तो नेमका लॅकर असतो, आणि ज्वालाग्राही म्हणून साध्या हवाई टपालाने बाहेरून येत नाही. मग आपण मिसळत बसतो. मी निळा, हिरवा, पांढरा आणि पिवळ्याचा एखाद-दुसरा थेंब असं करत एकदा अगदी जुळवून आणला. खिडकीपाशी, दिवसाउजेडी, पॅनेल शेजारी धरून. जोडच कळेना. रात्री दिव्याखाली मॉडेल ठेवलं तर पॅनेल हिरवं आणि भिंती निळ्या. छपाईची शाई वेगळी, रंगातली द्रव्यं वेगळी. एका उजेडात सारखी दिसतात, दुसऱ्या उजेडात फुटतात. आणि माझं कपाट काही खिडकीत नाही.

बरं, तेही चालवून घेतलं तरी पुढे वॉश (खाचांत साठवायचा पातळ काळपट रंग) आणि मॅट वार्निश आहेच. आपण फवारलेल्या रंगावर वॉश मुरतो, कोपऱ्यात काळपट साठतो, रंग थोडा खाली उतरतो. छापलेल्या पत्र्यावर तो तसा धरत नाही, नुसता डाग पडतो. भिंत वापरलेली दिसते आणि पॅनेल काल दुकानातून आणल्यासारखं. यावर जाणकार सांगतात की पितळी भागावरही आपलाच फिरोजी फवारा, तबकड्या मास्क करून. फवारता येतो. मग रंगीत पत्र्याचे जादा पैसे कशाचे दिले?

दोष कुणा एका कंपनीचा आहे असं मी म्हणत नाही. खरा फिरोजी कुठला हेही कुणी छातीठोकपणे सांगू नये. विमानागणिक छटा बदलते आणि उन्हाने विटते ती वेगळी. चुकीचा पण एकच रंग असता तर मला चाललं असतं. खुपतात ते शेजारी-शेजारी बसलेले दोन रंग. कॅनपी उघडली की नजर आधी त्या सांध्यावर जाते, निदान माझी जाते. तुमची जात नसेल तर पितळ घ्यायला हरकत नाही, मनापासून सांगतो. दोघा-तिघांना मी माझं मॉडेल दाखवलं, त्यांना काही दिसलंच नाही.

थ्रीडी छापील डिकलं ही त्यामानाने फार पुढची पायरी. रशियातल्या क्विंटा कंपनीने हा प्रकार गाजवला, मग एडुआर्डनेही स्पेस नावाने आपले संच काढले. पाण्यात सोडायचं, कागदावरून सरकवायचं, पांढऱ्या गोंदावर ठेवायचं. खटके खरंच उभे असतात, तबकडीवर काचेची चमक आधीपासून असते. पितळापेक्षा दिसायला सरस, लावायला सोपं, आणि गोंद सावकाश धरत असल्यामुळे पट्टा सरळ करायला अवधी मिळतो. किंमत जास्त. अडचण म्हणाल तर दोन. किटवरचे उंचवटे खरवडून पृष्ठभाग सपाट करावा लागतो, आणि एकदा खरवडलं की परतीचा रस्ता नाही. आणि रंग? तोच. बाजूच्या भिंतींचे भागही छापून येतात, त्यामुळे सांधे कमी होतात, पण टब आणि तळ तुमच्याच बाटलीतून रंगणार. माझ्या डोक्यातला किडा अर्धाच मरतो.

काही जण यातल्या नुसत्या तबकड्या कापून आपल्या रंगवलेल्या पॅनेलवर लावतात. ही युक्ती मला मनापासून पटली. आज मला कुणी थ्रीडी संच भेट दिला तर मी हेच करीन. स्वतःच्या पैशाने एवढा महाग संच आणून त्याला कात्री लावायला मात्र हात धजत नाही.

रेझिनच्या कॉकपिटला रंगाचा प्रश्नच नाही, कारण ते कोरं येतं. सगळं एकाच बाटलीतून, एकाच दिवशी. तपशील प्लॅस्टिकपेक्षा नक्कीच धारदार. खटक्यांच्या खाली सावली पडते इतके ते उभे असतात. ज्यांच्याकडे एअरब्रश आणि संयम दोन्ही आहेत त्यांना हेच सांगायला हवं, असं मलाही एकेकाळी वाटायचं. पण मिग-२१चं नाक म्हणजे आधीच गच्च भरलेली वळकटी: पुढे शंकू आणि हवेची नळी, वर कॉकपिट, खाली पुढच्या चाकाची खोबण, आणि हे सगळं विमानाच्या धडाच्या दोन अर्धुकांमध्ये दाबून बसवायचं. रेझिनचा टब केसभर जाड राहिला की अर्धुकं मिटत नाहीत, आणि ती फट पाठीवर, नेमकी सगळ्यांना दिसेल अशी उघडते. मग आतून भिंती खरवडा, टब घासा, पुन्हा लावून बघा. रेझिनची भुकटी छातीत जाऊ नये म्हणून पाण्याखाली घासायचं, मास्क लावायचा, आणि घरच्यांनी स्वयंपाकाच्या सिंकजवळ उभं राहू दिलं पाहिजे ही तिसरी अट. ज्यांना हे जमतं त्यांची मॉडेल्स प्रदर्शनात बघून मी मान डोलावतो. पण पहिल्या-दुसऱ्या जेटला हे मी कुणाला सुचवणार नाही.

रेझिनची एकटी सीट मात्र बिनशर्त घ्या. बिसमधली केएम-१ सीट हे भलं मोठं धूड आहे. कॅनपी उघडी असली की बघणाऱ्याला पॅनेलच्या आधी तीच दिसते. प्लॅस्टिकच्या सीटवर पितळी पट्टे वाकवले की ते भेटवस्तूच्या रिबिनीसारखे ताठ राहतात, कितीही तापवून मऊ केले तरी. रेझिनमध्ये पट्टे सीटवरच ओतलेले असतात, उशीवर लोळलेले, बकलसकट. बसवायचा त्रास नाही, टबमध्ये नुसती टेकवायची. कॉकपिटवर एकच खर्च करायचा झाला तर तो इथे.

बाकीचे भाग भराभर. रेझिनची चाकं बरी, टायरमधला सांधा घासायचे कष्ट वाचतात. रेझिनचं एक्झॉस्ट सुरेख दिसतं, पण शेपटीकडे वजन वाढवतं. आधीच नाकाच्या शंकूत वजन भरताना हात आखडू नका, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. उघडी इंजिनं, उघडे कप्पे वगैरेंच्या वाटेला मी गेलो नाही. मिग-२१चा डौल त्या नळकांड्यासारख्या अखंड अंगात आहे, तिथे खिडक्या पाडाव्याशा वाटत नाहीत.

खर्चाचं बोलायचं तर आपल्याकडे ही दुखरी बाजू आहेच. टपालखर्च आणि वर कस्टम ड्युटी धरली की कॉकपिटचा संच, सीट, चाकं मिळून किटच्या किमतीला सहज गाठतात. त्याच पैशात दुसरं किट येतं. म्हणून आता विचारणाऱ्याला मी असं सांगतो: हातात ब्रश धरायची आवड असेल तर एडुआर्डचा वीकेंड एडिशन नावाचा, जादा भाग नसलेला साधा डबा घ्या, पॅनेल स्वतः रंगवा, तबकड्या डिकलच्या कापून लावा, सीट रेझिनची. ब्रशचा कंटाळा असेल आणि दोन फिरोजींनी झोप उडणार नसेल तर थ्रीडी. पितळ मी आता फक्त बिनरंगी घेतो, तेही कॅनपीच्या कडेचे आरसे आणि अँटेनांसाठी. तिथे पातळ पत्राच शोभतो.

पिटो नळीचं, म्हणजे विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीचं, विसरू नका. बिसला ती नाकाच्या वर, किंचित उजवीकडे, भाल्यासारखी लांब पुढे आलेली असते. प्लॅस्टिकची नळी धूळ झटकताना हमखास तुटते. पोलंडच्या मास्टर कंपनीची लेथवर कातलेली पितळी नळी मिळते, सरळ आणि टोकाला सुईसारखी बारीक. ती सगळ्यात शेवटी, मॉडेल रंगवून झाल्यावर बसवा, आणि मागवताना किटच्याच ऑर्डरमध्ये टाका. एकट्या नळीसाठी परदेशातून वेगळं पाकीट मागवलं तर टपालखर्च नळीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.