फॉलआउट ४ : माणसांपेक्षा ओसाड घरेच अधिक बोलतात

बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकन स्टुडिओचा ‘फॉलआउट ४’ हा गेम १० नोव्हेंबर २०१५ रोजी आला. पहिल्या चोवीस तासांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती विक्रीसाठी रवाना झाल्या आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही त्याला मिळाला. तरीही खेळणाऱ्यांमध्ये त्याच्याविषयी आजवर एकमत झालेले नाही. एप्रिल २०२४ मध्ये याच विश्वावर आधारलेली मालिका अॅमेझॉन प्राइमवर आली आणि जुन्या गेमकडे नव्या मंडळींची पावले वळली. आमच्या जळगाव, भुसावळ, धुळे पट्ट्यातही ज्यांनी तो कधी हाती घेतला नव्हता अशा अनेकांनी तो त्या उन्हाळ्यात सुरू केला. त्यांची मते ऐकली, तर ही सगळी माणसे एकाच गेमविषयी बोलत आहेत ना, अशी शंका यावी. कोणी वस्त्या उभारण्यात इतके रमले की मूळ कथा विसरून गेले, कोणी संवादांना कंटाळून मध्येच थांबले, कोणाला बंदुकांपलीकडे काही आवडले नाही. ही मते विस्कळीत वाटली तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असे माझे मत झाले आहे. हा गेम जिथे कोणी बोलत नाही तिथे फार मोठा आहे आणि त्यातली पात्रे बोलू लागली की तो लहान होतो.

कथेचा आरंभ थोडक्यात असा. २३ ऑक्टोबर २०७७ च्या सकाळी अणुयुद्ध होते, खेळाडू आपल्या कुटुंबासह व्हॉल्ट १११ या भूमिगत आश्रयस्थानात शिरतो आणि तिथे त्याला गोठवून ठेवले जाते. मध्येच थोडा वेळ जाग येते तेव्हा जोडीदाराची हत्या आणि तान्ह्या मुलाचे अपहरण त्याला डोळ्यांनी पाहावे लागते. तो बाहेर पडतो तेव्हा २२८७ साल असते आणि समोर बॉस्टन शहर व त्याचा परिसर उद्ध्वस्त होऊन पडलेला असतो. जग भविष्यातले असले तरी त्यातली मोटारी, रेडिओ, जाहिराती आणि स्वयंपाकघरे १९५० च्या दशकातल्या अमेरिकेची आहेत, आणि या विसंगतीतूनच ‘फॉलआउट’ गेममालिकेची ओळख घडली आहे.

या परिसराची रचना हे गेमचे सर्वांत मोठे बळ आहे. बॉस्टनमध्ये आजही असलेली फ्रीडम ट्रेल, म्हणजे ऐतिहासिक स्थळे जोडणारी लाल विटांची रेघ, गेममध्ये जशीच्या तशी वापरली आहे. बॉस्टन कॉमन या बागेपासून ती रेघ धरून निघायचे, वाटेतल्या गोल फलकांवरचे अंक आणि अक्षरे टिपून घ्यायची, मध्येच तुटलेली वाट शोधून पुन्हा रेघेवर यायचे आणि ओल्ड नॉर्थ चर्चच्या तळघरात एका अक्षरचक्रावर तो परवलीचा शब्द जुळवायचा. हा सगळा प्रवास बाणांच्या खुणा न पाहता करावा, असा माझा आग्रह राहील. बागेतल्या तळ्याजवळून जाताना मात्र जपून जावे. तिथे पाण्यात काय बसले आहे ते आधी सांगितले तर मजा जाईल.

अशी मोठी स्थळे सोडली तरी साध्या घरांतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पलंगावर शेजारी-शेजारी पडलेले दोन सांगाडे, एखाद्या तिजोरीपर्यंत पोहोचता पोहोचता राहिलेला हात, न्हाणीघरात मांडून ठेवलेली खेळणी. यांतल्या कशाचेही स्पष्टीकरण कोणी देत नाही आणि तरीही त्या खोलीत शेवटच्या दिवशी काय घडले असेल ते कळते. मराठी माध्यमात शिकलेल्या खेळाडूंना हे विशेष जवळचे वाटते असे मी पाहिले आहे. गेममध्ये मराठी किंवा हिंदी नाही, संगणकांच्या हिरव्या पडद्यांवरच्या नोंदी लांबलचक इंग्रजीत आहेत आणि त्या वाचताना सगळ्यांचाच धीर टिकत नाही. पण वस्तूंच्या मांडणीतून सांगितलेली गोष्ट सर्वांपर्यंत पोहोचते.

याच परिसराविषयीचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. युद्धाला २१० वर्षे झाली, लोक या घरांतून आणि दुकानांतून राहू लागले, व्यापार करू लागले, आणि तरीही पायाखालचा कचरा कोणी उचललेला नाही, कोपऱ्यातला सांगाडा तसाच आहे, भिंतीचे भगदाड तसेच आहे. आमच्याकडे एखादे कुटुंब पडक्या घरात राहायला गेले तर चूल मांडण्याआधी झाडलोट आणि सारवण होते. जिथे कोणी राहत नाही तिथली धूळ खरी वाटते, पण जिथे माणसे राहतात तिथलीही तशीच धूळ त्या माणसांवरचा विश्वास कमी करते.

ही माणसे तोंड उघडतात तेव्हा गेमची खरी अडचण सुरू होते. २०१० चा ‘फॉलआउट : न्यू वेगास’ ऑब्सिडियन या वेगळ्या स्टुडिओने बनवला होता. त्यात आपण काय बोलणार आहोत ते पूर्ण वाक्य समोर दिसत असे आणि विज्ञान, वैद्यक, व्यापार अशा कौशल्यांत गुंतवलेले गुण संभाषणात उपयोगी पडत. ‘फॉलआउट ४’ मध्ये नायकाला प्रथमच पूर्ण आवाज मिळाला, पण त्याबरोबर प्रत्येक संभाषण चार पर्यायांत बांधले गेले आणि ते पर्यायही दोन-तीन शब्दांचे. होकार, नकार, प्रश्न आणि उपहास हा साचा बहुतेक ठिकाणी दिसतो, आणि त्यातला नकार पुष्कळदा नावापुरताच असतो. निवडलेल्या दोन शब्दांतून नायक नेमके काय बोलेल याचा अंदाज येत नाही, म्हणून सौम्यपणे विचारायचे होते तिथे तो ताडकन बोलून जातो. जुनी कौशल्येही काढून टाकली असून त्यांच्या जागी सात मूलभूत गुणांखाली प्रत्येकी दहा असे सत्तर पर्क, म्हणजे पात्राला मिळणाऱ्या खास क्षमता, आहेत. ही रचना नवख्याला सोपी जाते, परंतु अभ्यासू डॉक्टर आणि अडाणी दरोडेखोर या दोन वेगळ्या भूमिका घेऊन खेळलेल्यालाही संभाषणे जवळपास सारखीच ऐकावी लागतात. भूमिका वठवण्याच्या गेममध्ये ही उणीव किरकोळ नाही.

प्रेस्टन गार्वी या पात्राविषयी जगभर जी तक्रार आहे तीच इथेही ऐकू येते. तो मिनिटमेन या संघटनेचा भला माणूस आहे, पण त्याच्याशी बोलणे झाले की अमुक वस्तीला मदत हवी आहे असे एक काम यादीत चढते, ते संपवून परत आलो की तसेच दुसरे चढते, आणि या कामांना अंत नाही. एका मुलाचे कामही असेच खटकते. तो किरणोत्सर्गाने घूल, म्हणजे कातडी झडलेला पण दीर्घायुषी माणूस, झालेला असून युद्धाच्या दिवसापासून एका फ्रिजमध्ये अडकून आहे. दोनशे वर्षे अन्नपाण्यावाचून तो कसा राहिला याचे उत्तर नाही, त्याला घरी नेले तर आईवडीलही तिथेच भेटतात, आणि इतका हृदयद्रावक प्रसंग घाईत उरकला जातो. त्या मुलाच्या मनात काय चालले असेल हे मला जाणून घ्यायचे होते. विचारण्याची सोय नाही.

मुख्य कथेतही एक ताण आहे. मुलाचा शोध तातडीचा म्हणून सांगितला जातो आणि पुढच्याच क्षणी गेम आपल्याला कुंपणे घालायला, पंखे गोळा करायला आणि दिवे लावायला बसवतो. भुसावळच्या माझ्या एका मित्राने, स्वतः बाप झाल्यानंतर हा गेम खेळताना, वस्त्यांना हातही लावला नाही, कारण मूल हरवलेला माणूस भिंती रंगवत बसणार नाही असे त्याचे म्हणणे होते. त्याचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. पण त्यामुळे गेमचा अर्धा भाग त्याच्या हातून निसटला.

आणि तो अर्धा भाग फार समृद्ध आहे. इथे भंगाराला किंमत आहे: टेबल फॅन मोडला की स्क्रू मिळतात, बल्बमधून तांबे मिळते, चिकटपट्टीतून डिंक मिळतो आणि त्यातून बंदुकीची नळी किंवा चिलखताचा भाग सुधारता येतो. डिंकाची कायम टंचाई असते, म्हणून जाणते खेळाडू मका आणि टाटो व मटफ्रूट ही गेममधली काल्पनिक पिके यांची लागवड करतात, कारण प्रत्येकी तीन नग आणि शुद्ध पाणी एकत्र शिजवून झालेल्या स्टार्चपासून पाच डिंक निघतात. रावेरकडच्या एका बागाईतदार घरातल्या तरुणाने मला हा हिशेब ज्या गंभीरपणे समजावून सांगितला तो ऐकण्यासारखा होता. माणसागणिक एक अन्न, एक पाणी, एक खाट. टाटोचे रोप अर्धे अन्न देते आणि एक गडी सहा अन्नापर्यंतची शेती सांभाळतो, म्हणून बारा रोपांमागे एक गडी. हापसा तीन पाणी देतो. दोन वस्त्यांमध्ये मालाची ने-आण सुरू करायची तर आधी लोकल लीडर हा पर्क घ्यायचा. गेम स्वतः हे धड शिकवत नाही, हे मात्र त्यानेही मान्य केले. उंचसखल जमिनीवर भिंती नीट जुळत नाहीत आणि सँक्च्युअरी या पहिल्या वस्तीतल्या जुन्या घरांची भगदाडे बुजवता येत नाहीत, याचाही त्याला राग होता.

पाण्याच्या बाबतीत शिंदखेड्याच्या एका खेळाडूचा आक्षेप मला अधिक विचार करण्याजोगा वाटला. टँकरची वाट पाहण्यात ज्याचे उन्हाळे गेले त्याला असे वाटले होते की या जगात पाणी मिळवणे अवघड असेल. प्रत्यक्षात वस्तीशेजारच्या नदीत मोठे शुद्धीकरण यंत्र बसवून त्याला वीज दिली की एका यंत्रातून चाळीस पाणी मिळते, उरलेले वस्तीच्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे सामायिक साठ्यात, आपोआप साठते आणि ते विकून खेळाडू श्रीमंत होतो. त्यामुळे तहानेला साध्या खेळात काही वजनच उरत नाही. २०१६ मध्ये आलेल्या सर्व्हायव्हल मोडने ही चूक पुष्कळशी सुधारली. तिथे भूक, तहान, झोप आणि आजार लागू होतात, गोळ्यांनाही वजन असते, नकाशावरून उडी मारून जाता येत नाही आणि झोपल्याशिवाय खेळ सेव्ह होत नाही. अनोळखी घरातली मळकी गादी दिसली की जीव भांड्यात पडतो. हा गेम असाच खेळावा, असे माझे ठाम मत आहे.

खानदेशात मात्र त्यासाठी इन्व्हर्टर हवा. सर्व्हायव्हलमध्ये खेळातून नीट बाहेर पडताना एक सेव्ह होतो, पण लाइट अचानक गेली तर तो होत नाही आणि मागच्या झोपेनंतरचे सारे वाया जाते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात असताना ग्राफिक्स कार्डावर ताण कमी ठेवणेही शहाणपणाचे असते. सुदैवाने इथे दोन्ही हेतू एकाच उपायाने साधतात, कारण या गेमच्या इंजिनात हालचालींचे गणित फ्रेमच्या वेगाशी, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रे उमटतात त्याच्याशी, जोडलेले आहे आणि ६० च्या वर गेल्यास तसेही विचित्र प्रकार होतात. वेग ६० वर बांधून ठेवावा. किमान गरज ८ जीबी रॅम आणि ३० जीबी जागेची आहे, म्हणजे जुन्या संगणकांवरही तो चालतो, फक्त बॉस्टनच्या मध्यवर्ती भागात तो अडखळतो.

गोळीबाराविषयी फारसे मतभेद नाहीत. तो आधीच्या भागांपेक्षा बराच सुधारला आहे आणि व्हॅट्समध्ये, म्हणजे शत्रूच्या शरीराचा नेमका भाग निवडून नेम धरण्याच्या सोयीत, काळ पूर्ण न थांबता फक्त मंद होत असल्याने निर्णय घाईने घ्यावे लागतात. पॉवर आर्मर हे यांत्रिक चिलखत मात्र पहिल्या तासाभरातच हाती देऊन टाकायला नको होते.

मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल, वापरणाऱ्यांची नाराजी निराळी आहे. २५ एप्रिल २०२४ च्या मोठ्या अपडेटने अनेक लोकप्रिय मॉड निकामी झाले, कारण स्क्रिप्ट एक्स्टेंडर या ज्या पूरक प्रोग्रामवर ते उभे होते तोच जुळेनासा झाला. ‘फॉलआउट : लंडन’ हा चाहत्यांनी बनवलेला प्रचंड मॉडही त्यामुळे लांबला आणि अखेर २५ जुलैला आला. संवादांची पूर्ण वाक्ये दाखवणारे मॉड चाहत्यांनी पहिल्याच काही महिन्यांत केले होते, यावरून ती उणीव किती जणांना टोचत होती हे दिसते.

विकत घेताना नुसता मूळ गेम घेऊ नये. सहाही जोड-भाग असलेली आवृत्ती सवलतीच्या काळात थोड्या अधिक पैशांत मिळते, आणि त्यातला ‘फार हार्बर’ चुकवण्यासारखा नाही. मेन राज्यातल्या धुक्याने वेढलेल्या एका बेटावर तीन गट एकमेकांसमोर उभे आहेत. प्रत्येकाची बाजू ऐकून घेता येते, एकाला संपवता येते किंवा सगळ्यांना जगवण्याची वाटही काढता येते, आणि मूळ गेममध्ये जे नकार आणि होकार पोकळ वाटत होते त्यांना इथे परिणाम आहेत. याच स्टुडिओला संभाषणे लिहिता येतात हे त्यातून सिद्ध होते, म्हणूनच मूळ गेममधली हयगय मनाला अधिक लागते. एका यांत्रिक पात्राच्या स्मृतींच्या आत ठोकळे रचत जाण्याचे एक लांबलेले कोडे सोडले तर मला त्यात काही खटकले नाही. तिथे जाताना निक व्हॅलेंटाइन या यांत्रिक गुप्तहेराला सोबत घ्यावे. त्याच्या भूतकाळाचा एक महत्त्वाचा दुवा त्या बेटावर आहे, आणि तो शेजारी उभा नसेल तर ती संभाषणे अर्धीच उघडतात.