कंत्राटी उत्खनन मोजायचं कशाने: कामं की अहवाल?

ब्रिटनमध्ये 1990 नंतर बांधकामाआधीच्या पुरातत्त्वीय उत्खननाचा खर्च बिल्डरवर आला आणि निविदा सुरू झाल्या. हा पसारा किती, दर्जा घसरला का, यावर प्रबंध करणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांपुढे दोन वाटा असतात: झालेली कामं मोजणं किंवा त्यांचे अहवाल तपासणं.

मेहनत: कामं मोजणं सोपं, यादी मिळाली की आठवड्यात आकडा हाती. पण एकाच जागेची चाचणी-चर (आधी अंदाजासाठी खणलेला चर), मुख्य उत्खनन आणि बांधकामावेळची देखरेख अशी तीनदा नोंद होते. म्हणून आधी जागेनुसार नोंदी एकत्र करा, नाहीतर आकडा फुगतो.

दर्जा: इथे अहवालच हवेत. चिठ्ठ्या टाकून तीस निवडा. प्रत्येकात थरांचं रेखाचित्र, मोजपट्टीसह फोटो, चाळणीची जाळी आणि वस्तू कुठे ठेवल्या, एवढं तपासा. जाळीकडे नीट बघा: 5 मिमीच्या चाळणीतून 2 मिमीचा मणी मातीबरोबर जातो आणि अहवालात ‘मणी नाहीत’ असं उरतं. हे फार वाईट! मात्र अप्रकाशित अहवाल मिळवण्यात महिने जातात.

खर्च: प्रवास सोडला तर सारखाच.

फक्त पसारा दाखवायचा, मुदत जवळ आली, तर कामं मोजा. दर्जाबद्दल एक वाक्य जरी लिहायचं असेल, तर अहवालांना पर्याय नाही. उद्या सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या जुन्या देवळांजवळ खोदकाम निघालं, तर तीच चार कलमी तपासणी तिथेही लावता येईल.