रोमच्या दगडांवर दिवसभर चालायला कोणते बूट घ्यावेत?

रोमच्या जुन्या भागात पायाखाली डांबर कमी आणि दगड जास्त. सांपिएत्रीनी म्हणतात ते हे काळे चौकोनी दगड ज्वालामुखीच्या खडकातले. वरची बाजू साधारण 12 सेंटिमीटरची, गाड्यांच्या आणि पावलांच्या घर्षणाने गुळगुळीत झालेली. काही दगड खाली बसलेले, काही वर आलेले, मधल्या फटी रिकाम्या. प्रत्येक पावलाला टाच वेगळ्या कोनात टेकते. रोमन फोरमच्या प्राचीन अवशेषांमध्ये खडी आणि धूळ, व्हॅटिकन संग्रहालयात कडक फरशी, सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर 551 पायऱ्या (लिफ्टने गेलात तरी 320 उरतातच). दिवसाला 15 ते 20 हजार पावलं सहज होतात. बूट या सगळ्याला पुरा पडायला हवा.

दुकानातल्या टाइल्सवर सगळ्यात मऊ बूट सगळ्यात छान वाटतो. विक्रेताही ‘मेमरी फोम आहे, दाबून बघा’ म्हणत आत अंगठा रुतवून दाखवतो. पण मऊ, पातळ सोलमध्ये वरून अंगठा रुततो तसा खालून दगडाचा कोपराही रुतणार. शिवाय मेमरी फोम उष्णतेने आणि वजनाने दबत जातो. सकाळचा मऊपणा दुपारी तीनला उरत नाही. म्हणून आधी हाताने तपासा आणि मगच पायात घाला. टाचेमागचा कप दोन बोटांनी दाबा. तो चपटा झाला तर बूट परत ठेवा. पुढचं टोक आणि टाच धरून, धुणं पिळतो तसा बूट पिळा: थोडा वळला तर ठीक, पूर्ण पिळला गेला तर दगडांवर घोट्याचं काम वाढलं. शेवटी वाकवून बघा. तो चवड्यापाशी वाकायला हवा, मध्यावर नाही.

आपल्याकडे टूरला निघालेल्यांच्या पायात सर्वांत जास्त दिसतात ते स्केचर्स गो वॉक. अगदी हलके आणि घालायला सोपे, विमानात तर उत्तमच. पण वरचं कापड लवचीक आणि नाडी नसलेल्या प्रकारात पायाला धरून ठेवणारं फारसं काही नाही. काही मॉडेलांत तळाला रबर जेमतेम. फोमच जमिनीला लागतो, आणि पाऊस पडून गेल्यावर गुळगुळीत दगडावर तो घसरतो. उतारावर पाय पुढे सरकतो, बोटं टोकाला आपटतात आणि नखं काळी पडतात. हात न लावता घालता येणाऱ्या स्लिप-इन प्रकारात टाचेचा भाग जरा ताठ असतो, तेवढी सुधारणा. पटकन काढता येण्याचा फायदा आपल्या देवळांत, तिकडच्या चर्चमध्ये बूट काढावेच लागत नाहीत. गुडघ्याच्या किंवा कंबरेच्या दुखण्यामुळे वाकता येत नसेल तर हाच प्रकार घ्या, पण नाडीवाला मिळतो का ते आधी पाहा.

बहुतेकांसाठी आमची पहिली पसंती ब्रुक्स घोस्टला. बूट धावण्यासाठी बनवलेला, पण रोजच्या सरावाचा, म्हणजे शर्यतीतल्या बुटांसारखा नाजूक नाही. फोम मध्यम, टाचेचा कप घट्ट, तळाला रबर भरपूर. टाच पंजापेक्षा आवृत्तीनुसार 10 ते 12 मिलिमीटर उंच, त्यामुळे पोटऱ्या आखडणाऱ्यांना बरं वाटतं. मात्र तोच उतार वजन पुढे ढकलतो. ज्यांचा चवडा दुखतो त्यांनी होका बॉन्डी घालून पाहावा. त्याची टाच आणि पंजा यांत फरक 4-5 मिलिमीटरच, आणि तळ पुढून गोलाईत उचललेला असल्याने चवड्यावरचा भार कमी होतो. टाचेखाली जवळपास 4 सेंटिमीटरचा थर असल्याने दगड टोचण्याचा प्रश्नच नाही. पण त्या उंचीमुळे खालची जमीन नीट कळत नाही. घोटा वरचेवर मुरगळणाऱ्यांनी बॉन्डीच्या वाट्याला जाऊ नये.

आयुष्यभर चप्पल वापरलेल्या पायाची गोष्ट निराळी. पंजा रुंद, बोटं पसरलेली. अशा पायाला नेहमीच्या रुंदीचा बूट करंगळीपाशी चावतो, मग लोक एक नंबर मोठा घेतात; लांबी वाढते आणि टाच आत उचलली जाऊन मागे फोड येतो. उपाय लांबीत नाही, रुंदीत आहे. न्यू बॅलन्स 880 रुंद मापातही निघतो. त्यांच्या लेबलवर पुरुषांसाठी डी म्हणजे नेहमीची रुंदी, 2ई रुंद, 4ई त्याहून रुंद. बायकांसाठी बी नेहमीची आणि डी रुंद. दुकानात रुंद माप बहुधा समोर मांडलेलं नसतं, मागावं लागतं. बायकांचा रुंद जोड मिळालाच नाही तर पुरुषांच्या विभागात त्याच सेंटिमीटरचा बूट बघा, तो मुळातच रुंद असतो. रंग आवडेल याची हमी नाही.

चालताना पाय आत झुकत असतील (जुन्या चपलेची आतली कड जास्त झिजलेली दिसते) तर आसिक्स जेल-कायानो; त्यात आतल्या बाजूला आधार दिलेला आहे. पाच हजारांच्या आत भागवायचं असेल तर डेकॅथलॉनच्या क्वेचुआचे घोट्याखालचे हायकिंगचे बूट रोमच्या दगडांवर चोख: रबर कणखर, पकड चांगली. संग्रहालयाच्या फरशीवर तासाभरात ते कडक लागतात, ही त्यांची किंमत. वरचे ब्रुक्स, होका वगैरे दहा हजारांच्या पुढे जातात. नवी आवृत्ती आली की मागची सवलतीत मिळते आणि या कामाला ती तितकीच चांगली.

मापाच्या बाबतीत यूके नंबरवर विसंबू नका. यूके 8 म्हटला तर आदिदासच्या लेबलवर 26.5 सेंटिमीटर असतं, नाइकी आणि आसिक्सच्या लेबलवर 27. बुटाच्या जिभेच्या (नाडीखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला हा सेंटिमीटरचा आकडा छापलेला असतो, तोच खरा. संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पायांची टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी मोजा (पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त लांब असतं). मोठ्या पायाच्या मापात अर्धा ते एक सेंटिमीटर मिळवा आणि लेबलवर तो आकडा शोधत सुरुवात करा. बूट घालून उभं राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग आतला इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा: करंगळी बाहेर लोंबत असेल तर बूट अरुंद आहे, विक्रेता ‘वापरून सैल होईल’ म्हणाला तरी.

टाच उचलली जात असेल तर नवा बूट घेण्याआधी नाडी बदलून बांधा. सर्वांत वर, घोट्याशी, एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेक जण रिकामंच ठेवतात. त्याच बाजूची नाडी बाहेरून आत त्या भोकात घाला, पूर्ण ओढू नका, छोटा फास राहू द्या. दोन्ही बाजूंना असे फास झाले की डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं डाव्यातून काढा, खाली आणि मागे ओढा, मग नेहमीची गाठ. घोट्याभोवती पकड बसते आणि चवड्यावरची नाडी सैलच राहते.

वॉटरप्रूफ म्हणून गोअर-टेक्सचा (पाणी अडवणाऱ्या अस्तराचा) बूट घ्यायचा मोह होतो. एप्रिल ते ऑक्टोबर रोमला तो नको: घाम आत राहतो, आणि वरून पाणी शिरलं तर बूट दुसऱ्या दिवशीही ओला. साधी जाळी रात्रीत वाळते. मोजे मात्र सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतो. पॉलिस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे घ्या. मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर रोज रात्री पाय उजेडात नीट पाहणं बुटाच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं.

बूट निघण्याच्या तीन आठवडे आधी घ्या. पहिले दोन दिवस मोजे घालून घरातच वापरा, म्हणजे परत करायची वेळ आली तर तळ कोरा राहील. मग रोज अर्धा तास, वाढवत दोन तासांपर्यंत. सरावाला आपल्या फुटपाथवरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक उत्तम; कुठे चावतो ते तिथेच कळतं.

मागच्या ट्रिपचे जपून ठेवलेले बूट काढण्याआधी सोल बोटांनी दाबून, वाकवून पाहा. मुंबई-कोकणच्या दमटपणात पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही कुजतो, कपाटात धड दिसतो आणि तिसऱ्या दिवशी भुगा होऊन गळतो. ईव्हीए फोमचा भुगा होत नाही, पण डिंक सुटून तळ उघडा पडू शकतो.

सामानात औषधाच्या दुकानातली, कातडीवर लावायची कागदी चिकटपट्टी ठेवा आणि टाच चुरचुरायला लागली की तिथल्या तिथे लावा, हॉटेलवर गेल्यावर नाही. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका. रोममध्ये हिरव्या क्रॉसच्या पाटीच्या औषधाच्या दुकानात कॉम्पीडच्या जाड जेलपट्ट्या मिळतात. कोरड्या कातडीवर चिकटवायच्या आणि आपोआप सुटेपर्यंत काढायच्या नाहीत, ओढून काढल्या तर नवी कातडीही सोबत येते.