मुदतीचं कॅलिब्रेशन की डायग्नोस्टिक्स?

प्लांटमध्ये देखभालीचे पैसे आणि माणसं मोजकीच. मग वेळापत्रकाप्रमाणे प्रत्येक इन्स्ट्रुमेंटचं कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे त्याचं रीडिंग प्रमाणित साधनाशी ताडून बघायचं, की हार्टवरून (सिग्नलच्याच तारेवरून चालणारा डिजिटल संवाद, HART) येणाऱ्या डायग्नोस्टिक्सवर, म्हणजे इन्स्ट्रुमेंटने स्वतःच दिलेल्या तब्येतीच्या माहितीवर, विसंबून तक्रार आली तरच हात लावायचा? माझ्या मते आधी लूप, म्हणजे मोजमापापासून व्हॉल्व्हपर्यंतची साखळी, कंट्रोलचा आहे (प्रोसेस रोज सांभाळणारा) की सेफ्टीचा (धोका दिसला की प्रोसेस थांबवणारा), ते बघा.

कंट्रोल व्हॉल्व्हच्या बाबतीत डायग्नोस्टिक्स सरळ सरस. व्हॉल्व्ह चिकटू लागला की लूप संथ लयीत झुलू लागतो आणि लोक पीआयडी ट्यूनिंगशी (कंट्रोलरच्या सेटिंग्जशी) झटापट करत बसतात. स्मार्ट पोझिशनर (व्हॉल्व्हला हव्या जागी नेणारं उपकरण) वाढलेलं घर्षण दाखवतो, त्यामुळे शटडाउनमध्ये नेमके कोणते व्हॉल्व्ह खोलायचे ते आधीच कळतं.

ट्रान्समीटरचं, म्हणजे मोजलेलं मूल्य विद्युत सिग्नलने पाठवणाऱ्या उपकरणाचं, गणित वेगळं. आतला बिघाड त्याला स्वतःला कळला, तर तो सिग्नल नेहमीच्या पट्ट्याबाहेर, ३.६ मिलीअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर नेतो. नामूर या प्रोसेस उद्योगाच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीचा संकेतच तसा आहे. पण इम्पल्स लाइन (प्रोसेसचा दाब ट्रान्समीटरपर्यंत आणणारी बारीक नळी) चोंदली तर? ट्रान्समीटर ठणठणीत, ट्रेंड सरळ रेषेत, ऑपरेटर खूश. गंमत म्हणजे हाच ट्रान्समीटर उतरवून वर्कशॉपच्या बेंचवर लावा, तिथेही पास होईल. काही मॉडेल सिग्नलमधला गोंगाट कमी झाला की इशारा देतात, पण मुळात प्रोसेस गोंगाटी हवी. लाइन ड्रेन करून रीडिंग हलतंय का बघणं, हा उपाय अजून तरी चुकवता येत नाही.

मुदतीच्या कामाचीही किंमत असते. कॅलिब्रेशननंतर मॅनिफोल्डचा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह (ट्रान्समीटरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करणारा) उघडा राहतो, ट्रिपचा बायपास (कामापुरतं आपोआप बंद होणं रोखून ठेवणारा) काढायचा राहून जातो. चांगलं चाललेलं इन्स्ट्रुमेंट आपणच बिघडवतो.

तरीही सेफ्टी लूपवर प्रूफ टेस्टला, म्हणजे तो मुद्दाम चालवून बघण्याला, पर्याय नाही. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या इंधन डेपोत टाकीचा पातळी दाखवणारा गेज अडकला आणि टाकी जास्त भरली की भरणं थांबवणारा स्वतंत्र हाय-लेव्हल स्विचही चालला नाही. पेट्रोल वाहून स्फोट झाला. त्या स्विचच्या टेस्ट लिव्हरला जागेवर धरणारं कुलूप बसवलेलंच नव्हतं, म्हणून तो निकामी होता. एरवी कधीच न हलणारा असा साधा स्विच मेलाय, हे टेस्ट केल्याशिवाय कळत नाही, आणि टेस्टनंतर तो पूर्ववत झाला का, हेही बघावं लागतं. टेस्टची मुदत दुप्पट केली, तर ऐनवेळी दगा मिळण्याची सरासरी शक्यताही साधारण दुप्पट होते.

वेळ वाचवायचाच असेल तर कंट्रोल लूपवर वाचवा. सलग काही वेळा ॲडजस्टमेंटआधीचं रीडिंग मर्यादेत आलं, तर त्या ट्रान्समीटरची मुदत खुशाल वाढवा. ही नोंदच ठेवत नसाल, तर डायग्नोस्टिक्सच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवण्याआधी ती सुरू करा.